नातीचा पहिला वाढदिवस आणि आमची एक चूक

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस 'सेवानिवृत्तांचे जीवन' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. आम्ही पडलो प्राथमिक शाळेतले शिक्षक. जुन्या अकरावीची मॅट्रिक झालो, अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून सदतीस वर्षे मुलांना बाराखडी, पाढे आणि व्याकरण शिकविले. विद्वत्तेचे भांडवल आम्हांपाशी नाही. तेव्हा विषयाचा विस्तार न करता, नातीच्या पहिल्या वाढदिवसासाठी आम्ही उभयतांनी आपल्या गावी केलेला एक प्रवास तेवढा आपणांपुढे मांडतो. त्यात फुशारकी मुळीच नाही. उलट एक कबुली आहे, आणि ती घरच्या चार भिंतींत न देता ज्ञातीपुढे का द्यावीशी वाटली, हे शेवटी आपल्या ध्यानात येईल.

आमचे मूळ गाव राजापूर तालुक्यात आहे. निवृत्तीनंतर आम्ही डोंबिवलीस थोरल्या चिरंजिवांकडे राहतो. त्यांस एक पुत्र आहे. धाकटे चिरंजीव गावी राहून आंब्याकाजूची बाग पाहतात. त्यांची थोरली कन्या सहा वर्षांची. आमच्या मातोश्री त्यांच्यापाशीच असतात. वय ८६, कान थोडे गेले आहेत, परंतु बुद्धी शाबूत आहे.

सन २०२४ च्या दत्तजयंतीस, म्हणजे १४ डिसेंबर रोजी, सायंकाळी गावाहून दूरध्वनी आला. चिरंजीव म्हणाले, "अण्णा, मुलगी झाली. दोघीही सुखरूप आहेत." आम्ही उत्तर दिले, "बरे. म्हणजे मुलगीच झाली."

श्रोतेहो, व्याकरण शिकविताना आम्ही मुलांना सांगत असू की, 'च', 'ही', 'देखील', 'मात्र' ही शुद्ध शब्दयोगी अव्यये होत; ती शब्दाला लागली तरी शब्दाचे सामान्यरूप होत नाही, अर्थावर केवळ जोर येतो. शब्दाचे रूप पालटत नाही हे खरे. परंतु ऐकणाऱ्याचे मन पालटते, हे आम्ही सदतीस वर्षांत एकाही वर्गाला शिकविले नव्हते. पलीकडे चिरंजीव क्षणभर गप्प राहिले, मग "ठेवतो" एवढेच म्हणाले.

बारशास आम्ही गेलो नाही. गुडघा दुखतो, थंडी आहे, गाडीचे आरक्षण मिळत नाही, अशी तीन कारणे आम्ही सांगितली. गुडघा खरोखर दुखत होता. परंतु त्याच गुडघ्याने आम्ही थोरल्या चिरंजिवांच्या पुत्राच्या बारशास रात्रभर उभ्याने प्रवास करून पोहोचलो होतो. पेढे-बर्फीचेही तसेच. नातू झाला तेव्हा साऱ्या चाळीत पेढे वाटले. या वेळी बर्फी आणावयाची ती राहूनच गेली. आमच्या सौभाग्यवतींनी बाळंतपणाआधी दोन झबली, एक कुंची आणि जुन्या मऊ लुगड्याचे दुपटे शिवून ठेविले होते. ते बासन त्यांनी मुकाट्याने पेटीत ठेविले. त्या काही बोलल्या नाहीत, आणि आम्ही काही विचारले नाही.

आणखी एक गोष्ट घडली, ती अधिक लाजिरवाणी आहे. दोन्ही थोरल्या नातवंडांची नावे आम्ही ठेविली होती. त्या प्रथेप्रमाणे चिरंजिवांनी विचारले, "धाकटीचे नाव काय ठेवायचे?" आम्ही म्हणालो, "पाहू." बारशास पाळण्यात राशीचे नाव ठेवून वेळ निभावली गेली. पुढे दोनदा निरोप आला, दोनदा आम्ही 'पाहू' म्हणालो. मूल छकुली या हाकेवर वाढू लागले.

याच वर्षी आपल्या मंडळाने ज्ञातिबांधवांची नवी सूची करण्यास घेतली. तिच्या छाननीचे काम आम्हांकडे आहे, हे आपण जाणता. सूचीच्या छापील अर्जात कुटुंबप्रमुख, पत्नी, पुत्र आणि पौत्र असे रकाने होते. आम्ही स्वतःचा अर्ज भरला. 'पौत्र' या रकान्यात एक नाव लिहिले, स्वाक्षरी केली आणि अर्ज नस्तीत लाविला. दोन नाती आहेत, त्यांस रकाना नाही, हे त्या वेळी आमच्या लक्षातही आले नाही. आपल्याकडील अनेक जुन्या कुलवृत्तान्तांत वंशवृक्ष पुत्रांच्याच नावांनी वाढलेला दिसतो. मुली त्यात एक तर नसतात, किंवा 'एक कन्या' एवढ्याच असतात. आम्हीही तोच कित्ता गिरविला.

पुढे मनास टोचणी लागली, तेव्हा आम्ही पैशाने भरपाई करू पाहिली. मुलींसाठी 'सुकन्या समृद्धी' नावाची बचत योजना २०१५ च्या जानेवारीत सुरू झाली आहे. दहा वर्षांच्या आतील मुलीच्या नावाने खाते उघडता येते. एका कुटुंबात सामान्यतः दोन मुलींपर्यंत. वर्षाकाठी निदान २५० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख. भरणा पंधरा वर्षे आणि मुदत एकवीस वर्षे. आम्ही पैसे घेऊन टपाल कचेरीत गेलो. खिडकीवरील भगिनीने नम्रपणे सांगितले, "गुरुजी, हे खाते आईवडील किंवा कायदेशीर पालकच उघडू शकतात. आजोबांना उघडता येत नाही. शिवाय मुलीचा जन्मदाखला लागेल." आम्ही चिरंजिवांस दूरध्वनी केला. ते म्हणाले, "अण्णा, दाखला आहे, पण नावाची जागा कोरी आहे. तुम्ही नाव सांगणार होता ना?"

त्या रात्री आम्ही सौभाग्यवतींस म्हणालो, "वाढदिवसाला गावी जाऊ." त्यांनी विचारले, "तिथीच्या की तारखेच्या?" आम्ही म्हणालो, "दोन्ही."

येथे एक हिशेब सांगितला पाहिजे, कारण तरुण मंडळींस तो ठाऊक नसतो. आपले चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, तर इंग्रजी वर्ष ३६५ दिवसांचे. म्हणून तिथीचा वाढदिवस तारखेच्या आधी दहा-अकरा दिवस येतो. मध्ये अधिक मास पडला तर तो तारखेच्या पुढे जातो. २०२५ साली दत्तजयंती ४ डिसेंबरला आली आणि तारीख तर १४. म्हणजे दहा दिवस हाती होते.

आम्ही सकाळच्या गाडीने निघालो. आमचे वडील मुंबईस गिरणीत असत. ते आगबोटीने जैतापूर बंदरात उतरत आणि तेथून पुढे घर गाठीत. आमची उमेदीची वर्षे एस. टी.च्या रात्रीच्या गाडीत गेली. कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत संपूर्ण मार्गावर सुरू झाली. रोह्यापासून ठोकूरपर्यंतचे सुमारे ७४० किलोमीटर अंतर डोंगर फोडून आणि दऱ्या ओलांडून बांधलेले आहे. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा लागला तेव्हा डब्यात दिवे होते, तरी बाहेर अंधारच अंधार. त्या अंधारात सौभाग्यवती प्रथमच बोलल्या. म्हणाल्या, "झबली आता तिला होणार नाहीत. दुपटे तेवढे पांघरता येईल." आम्ही काय उत्तर देणार? रत्नागिरी मागे पडली, पानवलच्या ६४ मीटर उंचीच्या पुलावरून गाडी गेली. एरवी आम्ही तो पूल सहप्रवाशांस हौसेने दाखवितो. त्या दिवशी खिडकीकडे पाहण्याचेही भान नव्हते.

घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सूनबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाय धुण्यास पाणी दिले आणि छकुलीस पुढे आणले. आम्ही हात पसरले. तिने आमच्या तोंडाकडे पाहिले आणि मोठ्याने रडू लागली. आईच्या पदरात तोंड लपवून ती काही केल्या मान वर करीना. सूनबाई संकोचून म्हणाल्या, "अण्णा, तिला नवीन माणसाची सवय नाही." त्या बिचाऱ्या समजुतीसाठी बोलल्या. परंतु आम्ही आपल्याच घरात, आपल्याच नातीला 'नवीन माणूस' होतो, हे सत्य त्यांच्या तोंडून बाहेर पडलेच.

रात्री मातोश्रींपाशी बसलो. मन हलके करावे म्हणून म्हणालो, "आई, दत्तजयंतीचा जन्म. दत्तच यायचा, पण..." वाक्य पुरे होऊ न देता त्या म्हणाल्या, "अनसूयेवाचून दत्त कुठून आला रे?" मग बराच वेळ थांबून त्यांनी विचारले, "तुझ्या पाठच्या बहिणीचा वाढदिवस कधी असे, सांग बघू."

आम्हांस सांगता आले नाही. आमच्या जन्माची पत्रिका गावच्या भटजींनी घटका-पळांसह मांडलेली आहे. ती आजही देवघरातील डब्यात आहे. बहीण आमच्याहून दोनेक वर्षांनी धाकटी. तिची पत्रिका केली नाही, वडिलांनी कोठे टिपण ठेविले नाही. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख लिहिली. ही रीत तेव्हा सर्वत्र होती. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या मुलांस शाळा सुरू होण्याच्या सुमाराची ती तारीख देत असत. आम्ही स्वतः नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत कित्येक मुलींच्या नावापुढे तीच तारीख लिहिली आहे. बहीण चौथीनंतर घरी बसली. २०२० साली ती वारली, तेव्हा नोंदीसाठी तिचे वय विचारण्यात आले. आम्ही, तिचा सख्खा वडील भाऊ, 'अंदाजे ५८' असे सांगून आलो. मातोश्री म्हणाल्या, "भाताची कापणी चालली होती. मी बांधावरून घरी आले नि ती झाली. तारीख मला कोण सांगणार? विचारलीही कोणी नाही."

बंधुभगिनींनो, वाढदिवस म्हणजे काय, हे आम्हांस त्या रात्री उमगले. गोडधोड आणि नवे कपडे ही त्याची बाहेरची अंगे. 'तू अमुक दिवशी आलास, तो दिवस आम्ही ध्यानात ठेविला आहे,' असे घराने माणसास सांगणे, हा त्याचा गाभा. ज्याचा दिवस कोणी ध्यानात ठेवीत नाही, त्याचे येणे घराने मोजलेलेच नसते.

दत्तजयंतीस सकाळी नातीस न्हाऊ घातले. पाटाभोवती रांगोळी काढली. आपल्या जुन्या चालीप्रमाणे अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम या सात चिरंजीवांचे आणि आठव्या मार्कंडेयाचे स्मरण केले. तीळ आणि गूळ घातलेल्या दुधाचा थेंब तिच्या ओठांस लाविला. औक्षणाचे तबक सिद्ध झाले. तुपाचे निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी. सूनबाईंनी ते तबक प्रथम आमच्या मातोश्रींच्या हाती दिले. मातोश्री मागे सरल्या. "मी कशी ओवाळू? सवाष्णींनी ओवाळावे." सूनबाई म्हणाल्या, "आजी, आधी तुम्हीच." तोच 'च' होता. आमच्या तोंडी तो दाराच्या अडसरासारखा आला होता. त्यांच्या तोंडी त्याने दार उघडले. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाच्या ग्रामसभेने २०२२ च्या मे महिन्यात विधवांस कमी लेखणाऱ्या रूढी बंद करण्याचा ठराव केला, तो आम्ही वृत्तपत्रांत वाचून वाखाणला होता. आपल्या घरी तो अमलात आणण्याचे धैर्य मात्र सूनबाईंनी दाखविले.

पाटावर नातीस मांडीवर घेण्याचा मान आजोबांचा. आम्ही घेतले. ती पुन्हा रडली आणि वडिलांच्या मांडीवर गेली. थोरली नात शेजारी होती. ती समजावणीच्या सुरात म्हणाली, "आजोबा, तुम्ही रोज या, म्हणजे ती नाही रडणार." सहा वर्षांच्या मुलीने दिलेला हा गृहपाठ आम्ही दहा दिवस केला. सकाळी अंगणात कोवळ्या उन्हात बसावे, कावळे-चिमण्या दाखवाव्या, हाती पळी-वाटी द्यावी. तिसऱ्या दिवशी ती जवळ बसली. सहाव्या दिवशी आमचा चष्मा ओढला. आठव्या दिवशी आमचे बोट धरून ओसरीवर चार पावले टाकली. सौभाग्यवतींचे दुपटे तिने असे धरले की, निजताना तेच लागे.

मध्यंतरी चिरंजिवांसह आम्ही राजापुरास जन्मनोंदीच्या कचेरीत गेलो. कायद्याने जन्म २१ दिवसांत नोंदवावा लागतो. नाव मागाहून घालता येते, परंतु बारा महिन्यांच्या आत ते विनाशुल्क होते आणि नंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क द्यावे लागते. आमच्या 'पाहू'ची मुदत संपण्यास थोडेच दिवस उरले होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांस शाळाप्रवेशापासून पुढील बहुतेक कामांस हाच दाखला जन्माचा पुरावा म्हणून धरला जातो. म्हणजे गुरुजींच्या १ जूनचा कारभार संपला, हे उत्तम झाले. आपल्या राज्याचा आणखी एक निर्णय असा की, १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, अशा क्रमाने लिहावे. आमच्या नातीच्या नावापाठोपाठ सूनबाईंचे नाव लिहिलेले पाहिले, तेव्हा आपल्या मंडळाचा अर्ज आमच्या डोळ्यांपुढे आला. सरकारी कागदात जिला जागा आहे, तिला ज्ञातीच्या कागदात जागा नाही! तेथून टपाल कचेरीत जाऊन चिरंजिवांनी दोघी मुलींची खाती उघडली. पैसे आम्ही दिले, स्वाक्षरी त्यांनी केली.

तारखेच्या दिवशी, १४ डिसेंबरला, शेजारची मुले जमली. केक आणला होता. पूर्वी आम्ही शाळेत केक आणि मेणबत्तीविरुद्ध भाषणे केली आहेत. दिवा विझवून वाढदिवस करू नये, असे आमचे मत आजही आहे. परंतु त्यासाठी मुलांचा विरस करण्याचे कारण नव्हते. मातोश्रींनी तोड काढली. थोरल्या नातीकडून समई लावविली, आणि मग केक कापला. कोणी काही विझविले नाही आणि कोणाचे तोंड कडू झाले नाही. आम्ही राजापुराहून बर्फी आणली होती. ती वाडीत घरोघर स्वतः नेऊन दिली. एक वर्ष उशीर झाला, असे प्रत्येक दारी सांगितले. एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, "दुसरीही मुलगीच ना?" आम्ही म्हणालो, "हो. आमची धाकटी नात." त्यावर त्यांनी बर्फीचा तुकडा तोंडात टाकला आणि ते तिचे वय, दात, चालणे यांविषयी विचारू लागले.

आता ज्ञातीपुढील विचार. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ च्या जनगणनेत ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. गर्भलिंगनिदानाविरुद्ध आपल्या राज्याने १९८८ साली, देशाने १९९४ साली कायदा केला, तरी आकडे असे उतरले. २०११ साली सातारा जिल्ह्यात 'नकुशी' या नावाच्या दोनशेहून अधिक मुलींस समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. आम्ही ती बातमी वर्गात वाचून दाखविली होती आणि अशा आईबापांचा निषेध केला होता. आमच्या नातीचे नाव कोणी 'नकुशी' ठेविले नव्हते. आम्ही तिचे नावच ठेविले नव्हते. दोहोंत अंतर किती, ते आपणच ठरवावे.

म्हणून मंडळास आमच्या तीन नम्र विनंत्या आहेत. पहिली, सूचीच्या अर्जात 'पुत्र' आणि 'पौत्र' हे रकाने काढून तेथे 'अपत्ये' आणि 'नातवंडे' असे छापावे आणि मुलगा-मुलगी या दोहोंची नावे जन्मतारखेसह घ्यावी. दुसरी, विवाहित कन्यांची नावे माहेरच्या कुटुंबातही राहू द्यावी. विवाहाने जन्म पुसला जात नाही. तिसरी, घरात हयात असलेल्या वृद्ध स्त्रियांस विचारून, जुन्या बायकांच्या जन्माची जी काही खूण त्यांस आठवते ती नोंदवून ठेवावी. तारीख नसेल तर 'भाताच्या कापणीत' एवढे तरी लिहावे. आणखी दहा वर्षांनी सांगणारे कोणी उरणार नाही. छाननीचे काम आम्हांकडेच असल्यामुळे, पूर्वी आलेले अर्ज नव्याने भरून घेण्याचे श्रमही आम्ही पत्करतो.

निघताना नात आमच्या कडेवर होती. रिक्षा आली तेव्हा ती उतरावयास तयार होईना. या वेळी रडली ती आम्ही निघालो म्हणून. येत्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे तिचा तिथीचा वाढदिवस तारखेच्या नंतर येईल. आम्ही आधी तारखेस जाणार, आणि तिथी झाल्यावर परतणार.

आमचा स्वतःचा अर्ज आम्ही नव्याने लिहिला आहे. त्यात दोन नाती आहेत. आमची बहीणही आहे. तिच्या जन्मतारखेच्या जागी 'आश्विन, भाताची कापणी' असे लिहिले आहे. धाकट्या नातीचे नाव मातोश्रींनी सुचविले आणि आम्ही ते ठेविले. ते आमच्या बहिणीचेच नाव आहे. येथे ते उच्चारीत नाही. सूची छापून होईल, तेव्हा आपण ते वाचालच.